बांधाची फेरी

माझी बायको कमळ रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी उंबऱ्यावर बसायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "प्रभू, आजचा दिवस तुझा. माझे हात कुनाच्या कामाला लावतोस ते सांग." मग उठायची आणि प्रभूनं सांगितलेलं काम करायला निघायची. आता त्या प्रभूनं एकदा तरी सांगावं की बाई, तुझ्या नवऱ्याची कंबर धरलीय, तिला तेल लाव. छे. एक दिवस सदूच्या गोठ्यातलं शेण, एक दिवस विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ. इकडे आमच्या घरात भांडी पडलेली आणि ही गावाची विहीर घासतेय. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत. मी ओरडायचो. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत उंबऱ्यावर.

तिचं हे सुरू झालं आमची लेक प्राप्ती गेल्यावर. एकोणीस वर्षांची पोर, लावणीच्या चिखलात आठ दिवस राबली, ताप आला आणि पाचव्या दिवशी संपली. डॉक्टर लेप्टो म्हणाले, चिखलातनं येणारा ताप. गाव आला नाही असं मी म्हणणार नाही. गाव आला, रडला, तेराव्याला जेवला. चौदाव्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. कमळ भिंतीला टेकून बसली ती उठेचना. केसांत जटा झाल्या. तेव्हा रेवदंड्याहून मैना आली. बाजारात या दोघी शेजारी शेजारी भाजी घेऊन बसायच्या, तेवढीच ओळख. मैना ख्रिस्ती. ती काही बोलली नाही, उपदेश नाही, काही नाही. कमळच्या मागं बसली आणि एकेक बट सोडवत तिचे केस विंचरले. दुसऱ्या दिवशी परत आली. एस्टीचे पैसे खर्चून वीस-बावीस दिवस ती बाई नुसती केस विंचरायला येत होती. तेविसाव्या दिवशी कमळ उठली आणि तिच्यासाठी चहा टाकला. पुढं रविवारी मैनाच्या घरी आठ-दहा बायका प्रार्थनेला बसायच्या त्यांच्यात ती जायला लागली. मी अडवलं नाही. मी स्वतः आजही गावदेवीला जातो, पण जिनं माझी बायको भिंतीपासून सोडवली तिला मी कुठल्या तोंडानं अडवणार होतो?

गावानं वर्षभर कानाडोळा केला. मग शिमग्याला पालखी दारात आली. कमळ हात जोडून उभी राहिली, सगळ्यांना सरबत दिलं, पण आरती ओवाळली नाही. येसाजी पालखीपुढं होता. येसाजी म्हणजे आमच्या वाडीचा बांधपंच, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "वयनी, ओवाळ." ती म्हणाली, "दादा, माझ्याच्यानं व्हनार न्हाय. राग नको." पालखी उचलली ती पुन्हा आमच्या दाराशी थांबली नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या घराची बांधाची फेरी काढून घेतली.

बांध म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आमची भातं, मधी चिखलाचा बांध. खाडीचं पाणी एकदा आत आलं की तीन वर्षं तिथं गवत उगवत नाही. वाडीत बारा घरं. पावसाळ्यात आमुशा-पुनवेला आणि त्यांच्या आगेमागे उधाण येतं, त्या एकेका दिवशी एकेका घरानं भरतीच्या आधी बांधावरनं चालत जायचं, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली भोकं चिखलानं बुजवायची. कोणाचा दिवस कुठला ते आजे-पणजे ठरवून गेलेत. आमच्या घराकडं श्रावणातली आमुशा आणि आश्विनातली. या फेरीला सगळे शिव्या देतात. मीही दिल्यात. पण ती काढून घेतली तेव्हा मला कोणीतरी भर बाजारात माझं धोतर फेडल्यासारखं वाटलं.

फेरी काढून घेतली खरी, पण ती दिली कोणालाच नाही. येसाजीला वाटलं विनेश बघेल, आमच्या शेजारचं शेत त्याचं. विनेशला वाटलं येसाजीनं सदूला सांगितलं असेल. सदूला काही वाटायची सवयच नाही. दोन्ही दिवस नुसते रिकामे राहिले. हे कमळला कळलं कसं, तर बांधावरच्या पावलांवरनं. चिखलात पाऊल उठतं, फेरी झाली की नाही ते लगेच कळतं. त्या वर्षी श्रावणी आमुशेला ती चिवळाची भाजी काढायला गेली, बांधावर एक पाऊल नाही. तिनं पदर खोचला आणि फेरी केली. आश्विनात केली. पुढच्या वर्षी परत. कोणाला बोलली नाही. मला म्हणाली, "कुनाला सांगू नका, न्हायतर येसादादाला कमीपना येईल."

"येऊ दे की," मी म्हणालो.

"त्याच्या आयशीचे केस मीच विंचरते. तिला काय वाटंल?"

हे मला नवीनच होतं. येसाजीची आई दोन वर्षं खाटेवर. येसाजी दुपारी उघाडीवर, म्हणजे बांधाच्या दारावर, पाणी बघायला गेला की त्याची बायको राही मागचं दार उघडायची आणि कमळ आत जाऊन म्हातारीचं डोकं विंचरून, अंग पुसून यायची. पुढच्या दारानं तिला बंदी होती. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. मागच्या दारानं जायचं ते मांजरानं आणि चोरानं, असं तिला सुनावलं.

हे झालं दोन वर्षं. यंदाच्या श्रावणात पिठोरी आमुशेच्या आधी तीन दिवस कमळला ताप आला. डॉक्टर म्हणाला साधा आहे, गोळ्या दिल्या. पण मला त्या घरात तापाची बाई बघवत नव्हती. प्राप्ती याच खोलीत, याच चटईवर होती. आमुशेच्या सकाळी कमळ उठून बसली, उंबऱ्यापर्यंत गेली, पुटपुटली आणि कोपऱ्यातली कुदळ घेतली.

"कुठं?"

"आज आपली फेरी."

"आपली न्हाय. आपल्याला काढलंय."

"मंग कुनाची?"

मी म्हणालो, "विनेशची. काल येसाजी स्वतः बोलला मला. विनेशला दिली."

हे मी बनवलं. येसाजी माझ्याशी दोन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. कमळनं माझ्याकडं बघितलं. "देवानं बरं केलं," म्हणाली, कुदळ ठेवली आणि चटईवर आडवी झाली. मी तिच्यावर गोधडी टाकली. मी स्वतः जायचं की नाही हा विचार माझ्या मनात आला. खरं सांगतो, आला. पण कंबर धरलेली होती आणि त्याहून जास्त माझा ताठा. ज्यांनी आपल्याला मोजलं नाही त्यांचा बांध मी का राखू? बुडाले तर बुडू देत एक दिवस, असंही वाटलं. माझंही शेत त्याच बांधाच्या आत आहे, ते तेवढं आठवलं नाही.

आमुशेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते. साडेबाराला ओरड आली. "खांड गेली, खांड गेली."

मी पळालो. कंबर विसरलो. बांध दोन हात फुटला होता, मी पोचेस्तो चार हात झाला. गढूळ पाणी आत घुसत होतं. नशीब एवढंच की फुटला तिथं आतल्या बाजूनं चर होता. पाणी चरात पडून उघाडीकडं धावत होतं, शेतांच्या नुसत्या कडा भिजल्या होत्या. फुटल्या जागेला लागून जे शेत होतं ते आमचं, सव्वा एकर, हातभर उंचावर, त्यामुळं अजून कोरडं. भात पोटरीला आलेलं. पुढच्या पंधरा दिवसांत निसवलं असतं, कणसं बाहेर आली असती. आम्हाला वर्षभर खायला तेवढंच आहे, दुसरं काही नाही.

तीन वाजेस्तो पाणी उतरलं. आता रात्रीच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. नाही बुजली तर दहा हात होणार आणि बाराच्या बारा घरांचं तीन वर्षांचं भात गेलं. खारभूमीच्या ऑफिसात फोन लावला, साहेब उद्या बघतो म्हणाले. ओल्या बांधावर जेसीबी येत नाही. बाप्ये-बाया मिळून तीस माणसं जमली, फावडी, घमेली, पेंढा, बांबूच्या मेढी, सगळं आलं. नव्हती ती माती.

माती आमच्याकडं अशी घेत नाहीत. खांडीला लागून ज्याचं शेत असेल त्याच्यातली चिकणमाती काढायची, आणि पहिली कुदळ त्या धन्यानं स्वतः मारायची. त्यानं मारल्याशिवाय दुसऱ्यानं शेतात पाय टाकायचा नाही. खार जमिनीत एकदा खोल खणलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि ते शेत बसतं, पीक देत नाही. म्हणून मग दर सुगीला प्रत्येक घर त्या धन्याला पायली पायली भात घालतं, शेत सुधारेस्तो. वाडीतल्या घराला. आम्ही आता वाडीत मोजलेले नव्हतो.

सगळे माझ्याकडं बघत होते. येसाजी आमच्या शेताच्या कडेला उभा, चिखलानं मांडीपर्यंत भरलेला. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "विनेशची कड भिजलीय, सदूच्यातनं आना माती."

"सदूचं शेत दोनशे पावलं लांब," विनेश म्हणाला. "सकाळ होईल."

"मंग तू सांग काय करू ते."

मला त्या वेळी बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं. मी म्हणालो, "येसादादा, आमचं घर परत मोज. इथंच, सगळ्यांसमोर. मंग मी कुदळ मारतो."

येसाजीनं हातातलं फावडं चिखलात रोवलं. "मोजतो," म्हणाला. "उद्या कमळ वयनीला देवळात आन. नारळ फोडूदे. त्या रेवदंड्याच्या बाईचा नाद सोडूदे. मंग फेरी तुझी, पायली तुझी."

किती सोपं होतं. एक नारळ. मी मनात म्हटलं, सांगू हो, पुढचं पुढं बघू. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात माणसं बाजूला झाली. कमळ आली होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, डोळे तापानं लाल, खांद्यावर कुदळ. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या शेजारनं गेली, येसाजीच्या शेजारनं गेली, आमच्या शेतात उतरली. पोटरीतलं भात तिच्या मांडीला लागत होतं.

"कमळ, थांब," मी म्हणालो. "कोन देनार हाय आपल्याला? कोनी न्हाय. खाशील काय?"

ती म्हणाली, "पानी कुनाला इचारून येनार हाय का?" आणि कुदळ मारली.

भाताची रोपं मुळासकट आडवी पडली. तिनं दुसरी मारली. तिसरीला कुदळ वर येईना. विनेश पहिला उतरला, त्यानं तिच्या हातातली कुदळ घेतली. मग सगळे उतरले. तीस माणसं आमच्या भातात. मी खांडीच्या तोंडाशी मेढी ठोकायला गेलो, कारण आमच्या शेताकडं तोंड करून मला उभं राहवेना. मागनं फावड्यांचा आवाज आणि भात तुडवल्याचा आवाज. कमळ घमेली उचलत होती. दोनदा बसली, दोनदा उठली. राहीनं तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, येसाजीच्या देखत. त्यानं तोंड फिरवून घमेलं उचललं.

दिवस मावळायला खांड बुजली. वर पेंढा दाबला, माती चोपली. आमच्या शेतात, बांधाच्या अंगाला, कंबरभर खड्डा, त्यात पाणी झिरपायला लागलं होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

माणसं घमेली धुवत होती तेव्हा कमळनं विनेशला विचारलं, अगदी सहज, "विनेश, सकाळच्याला भोक दिसलं न्हाय का तुला?"

"मला कशाला दिसेल? मी कुठं आलेलो?"

"आज तुझी फेरी ना?"

"माझी? मला कोनी सांगितलंच न्हाय."

येसाजी म्हणाला, "मी कुनाला काय सांगितलेलं न्हाय."

कमळ माझ्याकडं वळली. तिला एका क्षणात कळलं. मी मान खाली घातली आणि पायाचा चिखल काढत बसलो. बोलायचं होतं.

"मंग फेरी कुनाची होती?" सदूनं विचारलं.

"माझी," कमळ म्हणाली. "दोन सालं मीच करते, आमुशेची. आज ताप होता म्हनून निजले. माझी चूक झाली."

"तुला कोनी सांगितलेलं करायला?" येसाजीचा आवाज चढला. आयतं कोलीत मिळालं त्याला. "काढून घेतलेली फेरी चोरून करायची, आनि नेमकी आज चुकवायची? मी दुसरा मानूस लावला असता की. तुझ्यापायी आज गाव बुडत होता."

कोणी म्हटलं नाही की अरे, तू दोन वर्षांत कुठला माणूस लावलास. थकलेली माणसं, त्यांनाही कोणीतरी पाहिजेच होतं. एकेक करून निघून गेली. मी तिला हाताला धरून घरी आणलं. हात भाजत होता. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मला खरं सांगितलं असतंत तर तुमाला पाठवलं असतं."

त्यानंतर पाऊस लागला, कडेकडेची खार धुऊन गेली, गावाचं भात निसवलं. आमच्यात खड्ड्याभोवतीचं आधी पिवळं पडलं, मग सगळंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी विळा घेऊन गेलो, चार पेंढ्या निघाल्या, त्याही पळींज, दाणा नसलेल्या. कमळचा ताप उतरला होता पण चालताना धाप लागायची. सकाळचं उंबऱ्यावर बसणं सुटलं नव्हतं. म्हातारीचं डोकं विंचरायला जाणं बंद झालं होतं. येसाजीनं मागच्या दाराला कुलूप लावलं होतं.

दसऱ्याला सोनं लुटून झालं की देवळासमोर बांधाच्या गोष्टी ठरतात. मी गेलो. कोपऱ्यात उभा राहिलो. येसाजीनं सांगितलं, आमच्या दोन्ही आमुशा आता विनेशकडं. आणि पायलीचा विषय यंदा नाही, कारण ज्याच्यामुळं खांड गेली त्याला पायली कसली.

मी पुढं झालो. "मला बोलायचंय."

"बोल."

"फेरी कमळनं चुकवली न्हाय. ती कुदळ घेऊन निघालेली. मी तिला खोटं सांगितलं की विनेशला दिलीय. ती माझ्यावर विश्वासून निजली. बांध माझ्यामुळं गेला. मी स्वतः जाऊ शकत होतो, गेलो न्हाय."

वाटलं, आता शिव्या देतील, अंगावर येतील. येऊ देत.

येसाजी उठला, माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. "काळूराम," म्हणाला, "बायकोपायी मानूस काय काय बोलतो. आमी वळखतो तुला. तू साधा हायस." मागं कोणीतरी हसलं. सदू म्हणाला, "तिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय, आता तू कशाला अंगावर घेतोस?"

"अरे, मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय," येसाजी म्हणाला आणि माझ्या हातात आपट्याची दोन पानं ठेवली. "घे. सोनं घे. घरी जा."

मी घरी आलो. कमळ रेशनच्या तांदळातले खडे निवडत होती. मी पानं सुपाच्या कडेला ठेवली आणि समोर बसलो.

"सांगितलं मी," म्हणालो. "सगळं. सगळ्यांसमोर."

तिचे हात थांबले. "मंग?"

"कुनाला खरं वाटलं न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं रागवेल. ती रडायला लागली, आवाज न करता, बराच वेळ. मग नाक पुसून म्हणाली, "मला खरं वाटलं ना. बस."

"मी भ्यालो होतो, कमळ. तुला ताप होता. प्राप्तीसारखं…"

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी समजलं." आणि परत खडे निवडायला लागली.

आश्विनी आमुशा आली, दिवाळीची. सकाळी वाडीत पोरं फटाके उडवत होती. विनेशच्या दारात रांगोळी, तो नवा शर्ट घालून ओटीवर बसलेला. दहा वाजले तरी तो उठायचं चिन्ह नव्हतं. कमळ उंबऱ्यावरनं उठली, कोपऱ्यातल्या कुदळीकडं गेली. मी तिच्या आधी कुदळ उचलली.

आम्ही बांधावर आलो. चिखलात बगळ्यांच्या नख्यांचे ठसे होते, माणसाचं पाऊल एक नव्हतं. मी पुढं, ती मागं, तिला धाप लागली की थांबत होतो. उघाडीपाशी एक भोक, तिवरांपाशी दोन. बुजवत बुजवत खांडीच्या जागी आलो. नव्या मातीत चिंबोरीनं मुठीएवढं बीळ पाडलं होतं, आतल्या अंगापर्यंत आरपार. खाडी भरायला लागली होती. कमळ तिथं बसली आणि बिळात हात घालून खोली बघितली.

"माती द्या," म्हणाली. "चिकनमाती पायजे."

मी इकडं तिकडं बघितलं. विनेशचं सोनेरी भात कापायला आलं होतं, आमच्या शेताला लागूनच. त्याच्यातनं ओंजळभर घेतली असती तर कोणाला कळलं नसतं.

"कुठली देऊ?" मी विचारलं.

"आपल्यातलीच घ्या की," ती म्हणाली. "लागतेय किती."

मी बांधावरनं खाली उतरलो, आमच्या खड्ड्यात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी तळची माती उचलून तिला दिली.